नव्वद सेकंद आणि फळीवरची बॅग

संध्याकाळी सातच्या सुमारास मुंबईहून निघालेली जलद लोकल ठाणे सोडून मुंब्र्याचा डोंगर मागे टाकू लागली, की डब्यातल्या डोंबिवलीकरांत एक हालचाल सुरू होते. फळीवरची बॅग कोणाच्या तरी हातून खाली उतरते, पाठीवरची सॅक छातीवर येते, आणि 'डोंबिवली उतरणार का?' हा प्रश्न माणसामाणसांतून दारापर्यंत सरकत जातो. ज्याला पुढे कल्याणला जायचे असते तो न बोलता कडेला सरकतो, ज्याला उतरायचे असते तो त्याच्या जागी येऊन उभा राहतो, आणि गाडी फलाटाला लागून पुन्हा हलेपर्यंतच्या वीस-तीस सेकंदांत एकेका दारातून इतकी माणसे बाहेर पडतात, की परगावच्या पाहुण्याला ते पाहून धडकी भरावी. आयुष्याची तीस वर्षे या दारांतून चढण्या-उतरण्यात गेल्यामुळे मी खात्रीने म्हणू शकतो, की अरुंद दारातून अल्पावधीत बाहेर पडण्याची विद्या ठाणे, डोंबिवली आणि कल्याण येथील माणसाला कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही. तथापि पेटलेल्या विमानातून बाहेर पडण्याचा प्रसंग उद्या ओढवला, तर हीच आमची सवय आमचा, आणि आमच्या मागे उभ्या असलेल्या माणसाचाही, घात करील अशी मला मनापासून भीती वाटते. कारण आमच्या या विद्येचा पहिला धडाच मुळी 'आधी बॅग हातात घ्या' हा आहे.

ज्या विमानात ४४ हून अधिक प्रवासी बसू शकतात, त्याचा आराखडा मंजूर होण्यापूर्वी निर्मात्याला असे सिद्ध करून द्यावे लागते, की निम्मी दारे निकामी आहेत असे गृहीत धरूनसुद्धा, काळोखात, केवळ संकटकालीन दिव्यांच्या मंद उजेडात, भरलेले विमान नव्वद सेकंदांत रिकामे होते. अमेरिकेत पूर्वी ही मुदत १२० सेकंदांची होती. १९६७ साली ती ९० वर आणण्यात आली आणि तीच आज शिरस्ता म्हणून चालू आहे. २००६ च्या मार्च महिन्यात जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे एअरबस ए-३८० या दुमजली विमानाची अशी परीक्षा झाली, तेव्हा ८७३ माणसे ७८ सेकंदांत बाहेर पडली. हा आकडा वाचून विस्मय वाटतो. परंतु त्या ८७३ जणांत कोणी डोक्यावरचा कप्पा उघडून आपले सामान ओढीत उभा नव्हता, हे ध्यानात घेतल्यावाचून त्या विस्मयाला अर्थ नाही. शिवाय ही मुदत कोणाच्या लहरीने ठरलेली नाही. आग विमानाच्या पोटात शिरली, की आसनांचा फोम, त्यांवरचे कापड आणि भिंतींचे अस्तर यांच्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सायनाइड यांसारखे वायू निघतात, आणि ज्वाळा अंगाशी येण्यापूर्वीच माणूस धुराने निश्चेष्ट होऊन खाली कोसळतो. पुढे छताखाली कोंडलेला तप्त वायू एकाएकी पेट घेतो, आणि त्यानंतर आत राहिलेल्याला कोणी वाचवू शकत नाही.

इंग्लंडमधील मँचेस्टरच्या विमानतळावर २२ ऑगस्ट १९८५ रोजी हेच घडले. सुटीसाठी ग्रीसमधल्या कॉर्फू बेटाकडे निघालेले बोइंग ७३७ विमान धावपट्टीवर धावत असतानाच त्याचे एक इंजिन फुटले, त्याच्या तुकड्याने पंखातील इंधनाची टाकी भेदली, आणि वैमानिकाने उड्डाण रद्द करून विमान थांबविले. ते जमिनीवरून उठलेच नव्हते. अग्निशमन दल हाकेच्या अंतरावर होते. तरीही १३७ पैकी ५५ जण मृत्युमुखी पडले, आणि त्यांतील बहुतेकांचा जीव धुराने गेला. पुढचे एक दार प्रारंभी अडकले होते, पंखावरचे दार उघडण्यात विलंब झाला होता, आणि अरुंद वाटेत माणसांवर माणसे पडली होती.

या दुर्घटनेनंतर इंग्लंडमधल्याच क्रॅनफील्ड या संस्थेत हेलन म्यूर या मानसशास्त्रज्ञ विदुषीने जे प्रयोग केले, ते प्रत्येक विमानप्रवाशाला ठाऊक असावेत असे मला वाटते. एका जुन्या ट्रायडंट विमानात स्वयंसेवक बसवून त्यांना बाहेर पडण्यास सांगण्यात येई. शांतपणे बाहेर पडा असे सांगितले, की सर्व काही सुरळीत होई. मग बाईंनी अशी तजवीज केली, की जे पहिल्या निम्म्यांत बाहेर पडतील त्यांस पाच पौंड जादा मिळावेत. एवढ्याशा रकमेसाठी तीच सभ्य, सुशिक्षित माणसे आसनांच्या पाठींवरून उड्या घेऊ लागली, एकमेकांत अडकली, आणि जी दारे क्षणापूर्वी वाहत होती ती तुंबून बसली. दारांशेजारच्या आसनांमधली जागा वाढवावी, धुरात वाट दिसावी म्हणून जमिनीलगत दिवे बसवावेत, असे जे बदल आज आपण विमानात पाहतो, त्यांच्यामागे मँचेस्टरचे मृत्यू आणि असे अभ्यास उभे आहेत. पुढे याच संस्थेत आणखी एक गोष्ट सिद्ध झाली, आणि आजच्या लेखाचा गाभा तिच्यातच आहे: दाराशी उभा असलेला कर्मचारी खणखणीत आवाजात, ढकलल्यासारखे हुकूम देऊ लागला म्हणजे विमान लवकर रिकामे होते, आणि तो अदबीने, मृदू स्वरात बोलत राहिला तर माणसे दाराशीच घुटमळतात.

या कर्मचाऱ्याला आम्ही काय म्हणतो? मराठी वृत्तपत्रांनी 'हवाई सुंदरी' हा शब्द रूढ केला आणि तो अद्याप पूर्णपणे गेलेला नाही. एखाद्या पेशाचे नावच त्या पेशाचे मर्म झाकून टाकते, त्याचे याहून ठळक उदाहरण मला दुसरे दिसत नाही. सौंदर्य हे जिच्या कामाचे प्रयोजन मानले, तिने कर्कश आवाजात 'सामान टाका' म्हणून फर्मान सोडले, तर ते आम्हांला उर्मटपणा वाटतो; आणि चहा-पाणी देणे हेच जिचे काम अशी आमची समजूत झाली, तिचा हुकूम मानण्यात आम्हांला कमीपणा वाटतो. वस्तुतः चहा-पाणी हे तिचे जोडकाम आहे. आपल्याकडे नियमाने साधारण पन्नास आसनांमागे एक या प्रमाणात हे कर्मचारी विमानात तैनात करावे लागतात, आणि हे प्रमाण संकटकाळी माणसे बाहेर काढण्यासाठी ठरविलेले आहे. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेले पॅन ॲमचे विमान कराचीत अतिरेक्यांनी ताब्यात घेतले, तेव्हा गोळीबार सुरू होताच संकटकालीन दार उघडून प्रवाशांना बाहेर काढणाऱ्या नीरजा भनोत यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले, ते याच कर्तव्याच्या पालनासाठी.

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतील एक मुलगी दोन वर्षांपूर्वी या नोकरीत लागली. तिचे प्रशिक्षण चालू असताना एका रविवारी सकाळी गच्चीवरून तिचा आवाज आला, आणि कोणाला तरी काही झाले असे समजून आम्ही चौघे-पाचजण जिना चढून वर गेलो. वाळत घातलेल्या चादरींच्या मध्ये ती उभी होती, दोन्ही हात कठड्याला घट्ट धरून, आणि समोरच्या रिकाम्या गच्चीला उद्देशून ओरडत होती: पट्टा काढा, सामान टाका, इकडे या, उडी मारा. घसा बसला होता, डोळ्यांत पाणी आले होते. आम्हांला पाहून ती ओशाळली. मी म्हटले, 'अगं, घशाची काय दशा करून घेतलीस!' त्यावर ती म्हणाली, 'काका, चहा कसा द्यायचा ते थोड्या दिवसांत शिकवून झालं. बाकी सगळे दिवस दार, धूर आणि पाणी. आणि आवाज लहान पडला तर परीक्षेत नापास करतात.' मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला तोवर ठाऊक नव्हती. विमान धावपट्टीवर निघते, दिवे मंद होतात, आणि ती आपल्या घडीच्या आसनावर, हात मांडीखाली घेऊन, ताठ आणि निमूट बसलेली दिसते, तेव्हा ती विश्रांती घेत नसते. माझे दार कोणते, ते उघडण्यापूर्वी खिडकीतून काय पाहायचे, हवेची घसरगुंडी फुगली नाही तर काय करायचे, पहिल्या रांगांत मदतीला येईल असा धडधाकट माणूस कोण, आणि माझ्या तोंडून पहिला शब्द कोणता निघेल, याची उजळणी ती मनाशी करीत असते. आणि असे प्रत्येक उड्डाणाला व प्रत्येक वेळी उतरताना. त्या दिवसापासून विमानात सुरक्षेच्या सूचना चालू असताना माझ्या हातून वर्तमानपत्र उघडले गेलेले नाही.

कर्मचाऱ्याच्या तोंडून निघणाऱ्या त्या पहिल्या शब्दाचे सामर्थ्य साऱ्या जगाने २ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी पाहिले. सप्पोरोहून आलेले जपान एअरलाइन्सचे एअरबस ए-३५० विमान टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरत असता धावपट्टीवरील तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले. भूकंपग्रस्तांना मदत नेणाऱ्या त्या लहान विमानातील सहांपैकी पाच जण दगावले. मोठे विमान आगीचा लोळ होऊन धावपट्टीवर घसरत गेले. त्यात ३६७ प्रवासी आणि १२ कर्मचारी होते, आणि प्रवाशांत आठ तान्ही मुले होती. ध्वनिक्षेपक बंद पडला, कर्मचाऱ्यांना एकमेकांशी जोडणारा दूरध्वनी बंद पडला, आत धूर भरू लागला. अशा वेळी त्या कर्मचाऱ्यांनी घाईने दार उघडले नाही. त्यांनी आधी खिडक्यांतून पाहिले, कोणत्या बाजूला ज्वाळा आहेत याचा अंदाज घेतला, आणि आठ दारांपैकी फक्त तीन वापरण्याजोगी आहेत असे ठरविले. पुढची दोन उघडली. मागचे डावे दार उघडण्यासाठी वैमानिकाची आज्ञा मिळविण्याचा मार्गच उरला नव्हता, म्हणून तेथील कर्मचाऱ्याने स्वतःच्या अखत्यारीत ते उघडले. कर्णे आणि उघडा गळा यांच्या आधाराने 'सामान घेऊ नका' हा हुकूम रांगारांगांतून गेला, आणि प्रवाशांनी तो मानला. कप्तान शेवटचा उतरला तेव्हा विमान टेकून अठरा मिनिटे झाली होती. आतले सर्वच्या सर्व ३७९ जण जिवंत होते. त्यानंतर ते विमान जळून त्याची राख झाली.

यात जपानी रक्ताचा काही विशेष गुण आहे असे मी मानीत नाही. याच कंपनीचे एक विमान १२ ऑगस्ट १९८५ रोजी, मँचेस्टरच्या अपघाताच्या दहाच दिवस आधी, डोंगरावर आदळून ५२० माणसे गेली होती. त्या विमानाचे भग्नावशेष कंपनीने हानेदा येथे जतन करून ठेवले आहेत आणि आपल्या नोकरांना ती जागा नेऊन दाखविण्याचा शिरस्ता ठेवला आहे. शिस्त ही अशी, दुःखाची दखल घेऊन, वर्षानुवर्षे कमवावी लागते.

याच्या शेजारी आपल्या मुलखातील एक प्रसंग ठेवून पाहावा. २२ जानेवारी २०२५ रोजी लखनौहून मुंबईस येणारी पुष्पक एक्स्प्रेस, जी कल्याणला थांबते आणि जिच्यात आमच्या भागात उतरणारी किती तरी माणसे असतात, ती जळगाव जिल्ह्यात परधाडे स्टेशनाजवळ असता डब्यात आग लागल्याची आवई उठली. कोणी साखळी ओढली, गाडी थांबली, आणि भयभीत माणसे मिळेल त्या दाराने खाली उतरली, ती नेमकी शेजारच्या रुळावर. त्या रुळावरून कर्नाटक एक्स्प्रेस आली आणि डझनभर माणसे तिच्याखाली सापडली. आग नव्हतीच. त्या प्रवाशांना दोष देण्याची माझी इच्छा नाही. त्यांच्या डब्यात असा कोणीच नव्हता, की ज्याने दारातून वाकून दोन्ही बाजू पाहिल्या असत्या, आणि 'या बाजूने उतरू नका' असे ओरडून सांगितले असते. हानेदाला जे दार उघडले गेले नाही त्याने माणसे वाचविली, आणि परधाड्याला जे दार उघडले गेले त्याने ती घेतली. रेल्वेच्या डब्यात पन्नास माणसांमागे एक राखणदार नसतो. विमानात तो असतो, आणि आपण त्याच्याकडे पाहतही नाही.

आता पुन्हा बॅगेकडे वळतो. ३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुवनंतपुरमहून गेलेले एमिरेट्सचे बोइंग ७७७ विमान दुबईला उतरताना धावपट्टीवर आपटून पेटले. विमानात ३०० माणसे होती, बहुसंख्य आपले भारतीय. आत धूर असताना माणसे वरचे कप्पे उघडून बॅगा काढीत आहेत, हे दृश्य कोणा प्रवाशाच्याच मोबाइलमध्ये टिपले गेले आणि जगभर दाखविले गेले. दैवयोगाने आतील सर्वजण वाचले. पण विमान थांबल्यापासून सुमारे नऊ मिनिटांनी मधली इंधनटाकी फुटली, आणि आग विझविण्यास आलेल्या अग्निशमन दलाच्या एका जवानाचा प्राण गेला. त्या प्रवाशांची तेव्हा पुष्कळ निर्भर्त्सना झाली. मला ती अन्यायाची वाटते. आखाती देशात नोकरीस जाणाऱ्या माणसाच्या बॅगेत त्याचा पासपोर्ट, राहण्याचा परवाना, शाळा-कॉलेजचे दाखले, घरून दिलेले औषध आणि क्वचित आईचे दोन दागिने असतात. ती बॅग गेली तर परमुलखात आपण कोणीच उरणार नाही, ही धास्ती त्याच्या हातांना वर नेते. लोकलमध्ये ज्याची बॅग राहते, त्याचा डबा, चाव्या, पास आणि एक दिवसाचा पगार जातो, हे आम्हां उपनगरवासीयांना समजावून सांगावे लागत नाही. हातांची ही सवय लोभातून जडलेली नाही. गरिबीच्या आणि धास्तीच्या पोटी ती जन्मली आहे.

परंतु समजून घेणे निराळे आणि मुभा देणे निराळे. एका माणसाने कप्पा उघडून बॅग ओढली, की त्याच्यामागची वाट तेवढा वेळ बंद होते. घसरगुंडीवर ती बॅग आली, की खाली उतरलेल्याचा पाय मोडतो, तिच्या चाकाने वा टोकाने घसरगुंडी फाटू शकते, आणि फाटली तर ते दार सर्वांनाच बंद होते. ही सेकंदे बॅग घेणाऱ्याच्या खाती जमा नसतात. ती मागच्या रांगेत मूल कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बाईची असतात. दंडाची तरतूद केल्याने हे थांबेल असे जे सुचविले जाते, ते मला पटत नाही, कारण धुरात उभ्या असलेल्या माणसाच्या मनात दंडाचा हिशेब येत नाही. त्याच्या हातांना बॅगेची गरजच वाटू नये, अशी तजवीज आधी झाली पाहिजे.

विमानाची आग आपल्या प्रांताला अपरिचित नाही. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी सांताक्रूझहून मद्रासला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे कॅराव्हेल विमान इंजिन पेटल्यामुळे परत फिरले आणि धावपट्टीच्या अलीकडेच कोसळून ९५ च्या ९५ जण गेले. २६ एप्रिल १९९३ रोजी तेव्हाच्या औरंगाबादहून उडालेले बोइंग धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठींनी लादलेल्या ट्रकला अडखळले, पुढे विजेच्या तारांत जाऊन पडले आणि पेटले. ११८ पैकी ५५ मृत्यू पावले, ६३ वाचले. चौकशीत दोष वैमानिकांच्या चुकीकडे आणि विमानाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक न रोखण्याच्या हयगयीकडे गेला. आणि १२ जून २०२५ चा अहमदाबादच्या विमान अपघाताचा दिवस तर अजून ओला आहे. ते उड्डाण सुमारे बत्तीस सेकंदांचे ठरले. विमानातील २४२ पैकी २४१ जण गेले. विमानातल्या दहा केबिन कर्मचाऱ्यांत एक मुलगी डोंबिवलीची होती, एक तरुण बदलापूरचा होता. गच्चीवर घसा बसेपर्यंत केलेला तो सगळा अभ्यास त्यांनीही केला असेल. तो वापरण्यास लागणारी नव्वद सेकंदे त्यांना मिळाली नाहीत. ज्या प्रवाशांना ती मिळतात, त्यांनी ती वाया घालविण्याचा अधिकार कोणी दिला, हा प्रश्न त्या संध्याकाळी डोंबिवलीच्या रस्त्यांवरून घरी परतताना माझ्या मनात घर करून बसला, आणि हा लेख त्यातूनच लिहिला गेला आहे.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली. ठाणे-कल्याण पट्ट्यातील ज्या कुटुंबांनी आजवर विमानप्रवासाचा विचार केला नव्हता, ती आता तो करतील. आजी-आजोबा प्रथमच विमानात बसतील. यास्तव दोन मागण्या मी येथे नोंदवितो. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात उडणाऱ्या प्रत्येक विमानात सुरक्षेच्या सूचना आणि संकटकाळचे हुकूम मराठीतही दिले जावेत; ज्या आजीला 'इव्हॅक्युएट' हा शब्द ठाऊक नाही, तिला 'उठा, सामान टाका' हे क्षणात कळेल. आणि प्रत्येक विमानतळावर आंतरराष्ट्रीय नियमाने दोन वर्षांतून एकदा तरी आपत्तीची जी पूर्ण रंगीत तालीम करावी लागते, तिच्यात प्रवाशांची भूमिका करण्यास आमच्या शाळा-महाविद्यालयांतील मुलांना आणि ज्येष्ठ नागरिक संघांना बोलवावे. एकदा अंधारात त्या घसरगुंडीवरून उतरलेला माणूस ते जन्मभर विसरणार नाही, आणि घरी दहाजणांना सांगेल.

वाचकांनी मात्र या मागण्या मान्य होण्याची वाट पाहत थांबू नये. पुढच्या वेळी विमानात बसाल तेव्हा पासपोर्ट, औषधाच्या गोळ्या, मोबाइल आणि घराची चावी बॅगेत न ठेवता खिशात किंवा कमरेच्या पाकिटात ठेवा. आपल्या आसनापासून पुढच्या आणि मागच्या दारापर्यंत किती रांगा आहेत ते बोटांवर मोजा, म्हणजे धुरात हाताने चाचपडत जाता येईल. आणि दाराशी उभी असलेली मुलगी तुमच्यावर ओरडली, तर बॅग तेथेच सोडून तिच्या आवाजाच्या दिशेने चालू लागा.